जुलैत इंग्लंडला निघालेली मुलं: समर कोर्सबद्दल तुमचे प्रश्न

जुलै उजाडला की इंग्लंडमधल्या बोर्डिंग शाळांची मुलं सुट्टीसाठी घरी जातात. मग तीच वसतिगृहं, तेच वर्ग आणि तीच मैदानं ऑगस्टच्या मध्यापर्यंत इटली, स्पेन, तुर्कस्तान, चीन असल्या देशांतून इंग्रजी शिकायला आलेल्या मुलांनी भरून जातात. आपल्याकडूनही आता बरीच मुलं जातात. ग्रुप लीडर म्हणून मी काही उन्हाळे तिथे काढले आहेत, म्हणून पालक मला विचारतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी सहा घेतली आहेत.

मुलगी १४ वर्षांची, सेमी-इंग्रजीत नववीला आहे. पेपरात मार्क चांगले पडतात, पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. जुलैत तीन आठवड्यांसाठी जाणार आहे. तोपर्यंत स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? (नाशिक)

ताई, क्लासचे पैसे वाचवा.

तिथे पहिल्याच दिवशी मुलांची चाचणी घेऊन त्यांना पातळीप्रमाणे वर्गात बसवतात. ए-वन म्हणजे अगदी सुरुवात आणि सी-टू म्हणजे सराईत, अशी ही युरोपीय मोजपट्टी आहे. आपल्या मुलांची गंमत अशी, की लेखी चाचणीत काळ आणि शब्दयोगी अव्ययं चोख सोडवल्यामुळे ती वरच्या वर्गात जाऊन पडतात आणि तिथे गप्प बसतात. मुलीला आत्ताच सांगून ठेवा: वर्ग झेपत नसेल, किंवा फारच सोपा वाटत असेल, तर दुसऱ्या दिवशीच शिक्षकांना सांगायचं. वर्ग बदलून मिळतो, त्यात कमीपणा काही नाही.

आठवड्याला शिकवणं साधारण १५ तासांचं. बाकीचं सगळं इंग्रजी जेवणाच्या रांगेत, बसमध्ये आणि कपडे धुवायच्या मशीनपाशी घडतं, आणि आपली मुलं अडतात ती तिथे. त्यातली एक अडचण थेट आपल्या भाषेतून येते. मराठीत ‘जरा पाणी देता का?’ किंवा ‘द्या ना’ म्हटलं की विनंती झाली, वेगळा ‘प्लीज’ लागत नाही. सगळा आदर क्रियापदात आणि सुरात असतो. तेच वाक्य मुलं इंग्रजीत नेतात तेव्हा आदर मराठीतच राहतो आणि उरतं ‘गिव्ह मी वॉटर’. वाढणाऱ्या बाईंच्या कपाळाला आठी पडते आणि पोरीला कळत नाही आपलं काय चुकलं. म्हणून ‘कॅन आय हॅव... प्लीज’ एवढं एकच वाक्य महिनाभर घरात चालवा. पोळीसुद्धा त्याशिवाय वाढू नका.

दुसरी तयारी कानाची. ‘यू ऑलराइट?’ असं कोणी विचारलं तर ती तब्येतीची चौकशी नसते, नुसता नमस्कार असतो. एका मुलाने त्याच्या उत्तरात आपल्या सर्दीचा सविस्तर इतिहास सांगितलेला मी ऐकला आहे. ‘हाफ सिक्स’ म्हणजे साडेसहा. इथे मराठी मुलांचं बरं आहे, आपल्या ‘साडे’सारखंच ते चालतं. जर्मन मुलं मात्र साडेपाचला येऊन उभी राहतात, कारण त्यांच्या भाषेत हिशोब उलटा आहे. ‘टी’ म्हणजे काही घरांत चहा नव्हे, संध्याकाळचं जेवण.

आणि आता खरा सराव. मोबाइल कंपनीच्या किंवा बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावायचा, इंग्रजीचं बटण दाबायचं आणि पलीकडच्या माणसाला एक खरी गोष्ट विचारून उत्तर मिळवायचं. आठवड्यातून दोनदा. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नाही, खुणा करता येत नाहीत, म्हणून ते सगळ्यात अवघड. पहिल्या वेळी ती फोन कापेल. कापू दे. ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ हे वाक्य जिला न लाजता म्हणता आलं, तिची तयारी झाली असं मी समजते.

कोर्स ‘ऑक्सफर्ड’चा आहे. दोन आठवडे, मुलगा पुढच्या वर्षी दहावीत. पुढे परदेशी प्रवेशासाठी या प्रमाणपत्राचा उपयोग होईल ना? (ठाणे)

ऑक्सफर्डमध्ये आहे, की ऑक्सफर्ड विद्यापीठाचा आहे? या दोन गोष्टींत फार अंतर आहे. सुट्टीत तिथल्या कॉलेजांच्या खोल्या आणि वर्ग खासगी संस्था भाड्याने घेतात. त्यात गैर काही नाही, त्यातल्या कित्येक संस्था चांगल्याही आहेत. पण माहितीपत्रकावरचा जुना दगडी मनोरा पाहून पाकीट उघडू नका. ब्रिटिश कौन्सिलची मान्यता आहे का ते बघा. मान्यताप्राप्त संस्थांच्या तपासणीचे अहवाल कौन्सिलच्या वेबसाइटवर कोणालाही वाचता येतात. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या देखभालीचा भाग वेगळा असतो, तो आधी वाचा. मग संस्थेला विचारा: रात्री त्या मजल्यावर मोठं माणूस कोण झोपतं? माझ्या मुलाच्या वयाची किती मुलं आहेत? एकाच भाषेची मुलं किती? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि अनुभव बिघडतो तो बहुतेक वेळा त्यामुळेच. चाळीस इटालियन मुलं एका गावातून एकत्र आली असतील, तर त्या आवारात इटालियनच चालणार.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर ते फ्रेम करून लावायला छान असतं. विद्यापीठं भाषेसाठी आयईएलटीएससारखी परीक्षा मागतात आणि तिचा निकालही दोनच वर्षं चालतो, तेव्हा आत्तापासून त्याची घाई नको.

तारखांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मी तो काढणारच. आपल्या राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात (विदर्भात थोड्या उशिरा) आणि हे कोर्स असतात जुलैत. आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या मुलांना तेव्हा सुट्टी असते, तुमच्या मुलाला नसेल. आठवी-नववीत दोन आठवडे बुडाले तर भरून निघतात. दहावीच्या जुलैत पाठवू नका. यंदा जमत असेल तर यंदा, नाहीतर दहावीनंतर. आणि कर्ज काढून तर मुळीच नको. दोन आठवड्यांत इंग्रजी पालटत नाही. भीड थोडी चेपते, एवढंच.

आम्ही जैन, कांदा-लसूणही नाही. मुलगी उपाशी राहील याची धास्ती आहे. बरोबर काय देऊ? (कोल्हापूर)

उपाशी नाही राहणार, पण कंटाळेल नक्की. शाकाहारी पर्याय रोज असतो: पास्ता, चीज, भाज्या, बीन्स, आणि सालासकट भाजलेला मोठा बटाटा. तुमची पंचाईत तिथेच आहे. बटाटा जैन नाही, हे तिथल्या स्वयंपाक्याला सांगूनही पटत नाही. त्याच्या दृष्टीने याहून शाकाहारी दुसरं काय असणार! म्हणून अर्जात नुसतं ‘जैन’ असं लिहू नका. अंडं, मासे, मांस, कांदा, लसूण, बटाटा, गाजर... जे जे चालत नाही त्याची सरळ यादी द्या, आणि निघण्याआधी ती त्यांना मिळाल्याचं लेखी उत्तर घ्या. जेलीत आणि काही मिठायांत जिलेटिन असतं, ते जनावरांपासून काढतात. हे मुलीला माहीत हवं. सहलीच्या दिवशी डबा असतो: सँडविच, वेफर्स, सफरचंद. त्या दिवसासाठी तिच्या पिशवीत घरचं काहीतरी असू द्या.

काय द्यायचं? खाकरे, भडंग, चिवडा, भाजलेले शेंगदाणे, कोरडी चटणी. पेढे, बर्फी, तूप देऊ नका. भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, मांसाचेही नाहीत. आजीने प्रेमाने बांधून दिलेला डबा विमानतळावर कचऱ्यात गेलेला पाहणं हा प्रवासाचा चांगला आरंभ नव्हे. लोणच्याची बरणी नेलीच, तर तेल कपड्यांवर सांडणार हे गृहीत धरा.

मी दुबईत नोकरीला आहे, पत्नी आणि १३ वर्षांचा मुलगा पुण्यात. कागदपत्रांचं काय करायचं? (दुबई)

सहा महिन्यांपर्यंतच्या अशा शिक्षणासाठी मान्यताप्राप्त संस्था असेल तर साधा व्हिजिटर व्हिसा चालतो. अर्ज प्रवासाच्या आधी तीन महिन्यांपासून करता येतो. अगदी शेवटपर्यंत थांबू नका, एप्रिल-मेमध्ये गर्दी असते. बोटांचे ठसे द्यायला मुलाबरोबर मोठं माणूस जावं लागतं, ते पत्नी करू शकतील.

संमतीपत्रावर दोघांच्याही सह्या असू द्या. मुलगा कुठे राहणार, विमानतळावर कोण घेणार, कोणाबरोबर प्रवास करणार, तुम्हा दोघांचे फोन, हे सगळं त्यात हवं. ग्रुप लीडरबरोबर जाणार असेल तर त्या व्यक्तीचा पासपोर्ट क्रमांक अर्जात जातो. मग ऐनवेळी माणूस बदलला तर घोटाळा होतो, म्हणून एजंटाकडून नाव पक्कं झाल्याशिवाय अर्ज भरू नका. पत्राची एक प्रत मुलाच्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नव्हे. बॅग मिळते ती इमिग्रेशनच्या खिडकीनंतर.

विमा जरूर काढा. तिथल्या सरकारी इस्पितळात अपघात विभागातली तातडीची तपासणी कोणालाही मोफत असते, पण दाखल करून घेतलं की परदेशी पाहुण्याला बिल येतं, आणि ते मोठं असतं. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी आणि मूळ वेष्टन बरोबर द्या.

मी १५ वर्षांचा आहे. आई-बाबा पाठवतायत. माझ्या उच्चारांना सगळे हसतील असं वाटतं. आणि बॅगेत नक्की काय भरू? (छत्रपती संभाजीनगर)

तू स्वतः लिहिलंस हे मला फार आवडलं. हसण्याचं म्हणशील तर तिथे कोणाचेच उच्चार ‘बरोबर’ नसतात. स्पॅनिश मुलगा ‘स्कूल’ला ‘एस्कूल’ म्हणतो, जपानी मुलीच्या ‘राइस’ आणि ‘लाइस’मध्ये फरक कळत नाही. तुझं एकच बघ. मराठीत ‘व’ एक, इंग्रजीत दोन. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावायचे, ‘वेस्ट’ म्हणताना ओठांचा चंबू करायचा. आरशासमोर रोज पाच मिनिटं. बाकीचं सोडून दे.

एक सांगते, वर्गात तुझं इंग्रजी कदाचित बऱ्याच जणांपेक्षा वरचं निघेल. पाचवीपासून विज्ञान इंग्रजीत वाचणारी मुलं तिथे फार नसतात. ते लक्षात आल्यावर शेफारून जाऊ नकोस, एवढंच.

बॅगेत: सुती टी-शर्ट, एक स्वेटर, पावसाचं जॅकेट (तिथला जुलै आपल्या डिसेंबरसारखा वागू शकतो), चालायचे बूट, आंघोळीच्या चपला, टॉवेल. प्रत्येक कपड्यावर नाव. तिथला प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, त्याचा अ‍ॅडॉप्टर. वीज आपल्याइतक्याच व्होल्टची आहे, त्यामुळे चार्जर चालतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत ती चालत नाही. डोळ्यांवर बांधायला पट्टी ने. रात्री नऊपर्यंत लख्ख उजेड असतो आणि झोपायची वेळ तोवर होते. आणि हो, बाथरूममध्ये पाण्याचा जेट नसतो. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. एक रिकामी बाटली जवळ ठेव.

जाण्याआधी घरी दोन वेळा स्वतःचे कपडे मशीनमध्ये धुऊन बघ. आणि क्रिकेट समजावून सांगायची तयारी कर. ‘एलबीडब्ल्यू म्हणजे काय’ हे ज्याने तुर्की मुलाला इंग्रजीत पटवलं, त्याला वर्गातला कुठलाच धडा जड जाणार नाही.

नात पहिल्यांदा घराबाहेर राहणार. रोज फोन करू का? आणि आषाढी एकादशीचा उपास तिला चुकवायचा नाहीये. (सातारा)

आजी, रोज नको. एक दिवसाआड पुरे, आणि वेळ ठरवून. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो. तिचं दुपारचं जेवण झालं की तिथे दीड, आपल्याकडे संध्याकाळचे सहा. ती वेळ उत्तम. रात्रीचा फोन टाळा. बऱ्याच ठिकाणी झोपताना मोबाइल जमा करून घेतात, आणि रडू यायचं ते त्याच वेळी येतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘मला घरी यायचंय’ असं ऐकू येईल. तुम्ही फोनवर रडायचं नाही. ‘आज जेवायला काय होतं?’ असं विचारायचं. पाचव्या दिवशी तीच फोन लवकर ठेवेल, आणि त्याचं वाईट तुम्हालाच वाटेल.

एकादशी बहुतेक वर्षी जुलैतच येते, तेव्हा प्रश्न बरोबर आहे. साबुदाणा तिथे विसरा. पण दूध, फळं, शेंगदाणे आणि तो भाजलेला बटाटा, मीठ-लोणी लावून, एवढ्यावर एक दिवस छान निघतो. मात्र ग्रुप लीडरला आदल्या दिवशी सांगून ठेवायला लावा. मूल नीट जेवत नाहीये असं दिसलं की तिथले लोक ते वहीत लिहून ठेवतात आणि घरी फोन करतात. मग साताऱ्यात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळेल.