लॅम्डा आणि वर्कर: एकच व्हिडिओ दोनदा का प्रोसेस होतो?

तुमची रचना अशी: व्हिडिओ अपलोड झाला की लॅम्डा (एडब्ल्यूएसची, गरजेपुरता कोड चालवणारी सेवा) एसक्यूएसमध्ये (मेसेजच्या रांगेत, म्हणजे क्यूमध्ये) मेसेज टाकतं आणि ईसीटूवरचा (एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या सर्व्हरवरचा) वर्कर, म्हणजे मेसेज उचलून काम करणारा प्रोग्राम, एफएफएमपेग (व्हिडिओ रूपांतरित करणारं साधन) चालवतो. अडचणी दोन: काही व्हिडिओ दोनदा होतात आणि डिप्लॉय केल्यावर (नवा कोड सर्व्हरवर चढवल्यावर) काही फाइली अर्धवट निघतात.

रचना बदलू नका. लॅम्डा 15 मिनिटांपलीकडे चालत नाही, तुमचं काम 20 मिनिटांचं आहे. ते वर्करवरच हवं.

दोनदा होतं ते व्हिजिबिलिटी टाइमआउटमुळे, म्हणजे उचललेला मेसेज इतरांपासून लपून राहण्याच्या मुदतीमुळे. वर्करने मेसेज उचलला तरी तो क्यूमधून जात नाही, फक्त लपतो, आणि डीफॉल्ट मुदत 30 सेकंदांचीच आहे. ती संपली की दुसरा वर्कर तोच मेसेज उचलतो. मुदत थेट 12 तासांवर नेऊ नका. वर्कर मेला तर मेसेज तेवढा वेळ अडकेल. 2 मिनिटं ठेवा आणि काम चालू असेपर्यंत वेगळ्या थ्रेडमधून (वर्करमध्येच समांतर चालणाऱ्या कोडमधून) दर मिनिटाला ती वाढवत राहा. मेसेज डिलीट करायचा तो काम पूर्ण झाल्यावरच. स्टँडर्ड क्यू (एसक्यूएसचा नेहमीचा प्रकार) एवढं करूनही क्वचित तोच मेसेज पुन्हा देतो, म्हणून आउटपुटचं नाव व्हिडिओच्या आयडीवरून ठरवा आणि ती फाइल आधीच असेल तर काम सोडून द्या.

आता अर्धवट फाइली. इथे खरी मेख आहे. सर्व्हिस रीस्टार्ट करताना सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) सिगटर्म ('बंद हो' हा सिग्नल) फक्त वर्करला नाही, त्याने सुरू केलेल्या एफएफएमपेगलाही पाठवतो. एफएफएमपेग तो सिग्नल मिळाल्यावर फाइल नीट बंद करून बाहेर पडतो. म्हणून 40 मिनिटांच्या व्हिडिओची 13 मिनिटांची फाइल व्यवस्थित चालते आणि कुणाला शंकाही येत नाही. एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, 0 म्हणजे सगळं ठीक) मात्र 255 असतो. तो तपासा, आउटपुट तात्पुरत्या नावाने लिहा आणि कोड 0 आला तरच एसथ्रीवर (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीवर) चढवा. सर्व्हिस फाइलमध्ये किलमोड (बंद करताना सिग्नल कुणाला द्यायचा ही सेटिंग) 'मिक्स्ड' केला की सिगटर्म फक्त वर्करला जातो. त्याने नवे मेसेज घेणं थांबवावं, एफएफएमपेग बंद करावा, हातातल्या मेसेजचा व्हिजिबिलिटी टाइमआउट 0 करावा, म्हणजे तो लगेच क्यूमध्ये परत दिसेल, आणि बाहेर पडावं. हे सगळं सिस्टमडी बंद होण्यासाठी देतो त्या 90 सेकंदांच्या डीफॉल्ट मुदतीत आरामात होतं.

असा परत केलेला मेसेजही रिसीव्ह काउंटमध्ये (मेसेज किती वेळा उचलला गेला त्या आकड्यात) धरला जातो. डेड लेटर क्यूची (ठरावीक वेळा उचलूनही न संपलेले मेसेज जातात त्या रांगेची) मर्यादा 2 ठेवलीत, तर दोन डिप्लॉयमध्ये चांगला व्हिडिओही तिकडे जाईल, 5 ठेवा.

मेसेजमध्ये नवं फील्ड आणायचं असेल तर आधी वर्कर डिप्लॉय करा, मग लॅम्डा. क्यूमध्ये जुने मेसेज डीफॉल्टने 4 दिवस राहू शकतात, तेव्हा नव्या वर्करला ते फील्ड नसलेला मेसेजही चालला पाहिजे.