अटॅकनंतर यांना चालू द्यावं की नको?

“यांना अटॅक येऊन पाच आठवडे झाले. एक स्टेंट बसवलाय. डॉक्टर रोज चालायला सांगतात, पण जिना चढले की धाप लागते, मधूनच छातीत टोचतं. मी पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाही. चालता चालता काही झालं तर?”

समुपदेशनासाठी आलेल्या 52 वर्षांच्या काकूंचा हा प्रश्न. काका 58 वर्षांचे, शेजारी गप्प बसलेले. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अटॅकनंतर घरोघरी हाच प्रश्न असतो आणि पुष्कळदा तो रुग्णापेक्षा घरच्यांना जास्त छळतो.

काकूंच्या भीतीला मूळ होतं. त्यांच्या सासऱ्यांना अटॅक आला तेव्हा दीड महिना खाटेवरून उतरू दिलं नव्हतं. एके काळी उपचारच तो होता. 1952 साली बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवलं, त्याची नोंद प्रसिद्ध केली, आणि मग खाटेवर झोपवून ठेवण्याची पद्धत हळूहळू मागे पडली. 1966 मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं, तर त्यांची श्रम करण्याची क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयानेही तेवढी घट झालेली नव्हती. काकांची धाप हृदयाची किती आणि पाच आठवड्यांच्या बसण्याची किती, हे आधी वेगळं करायला हवं होतं.

ते काम समुपदेशकाचं नाही. “काही होत नाही, चाला” असा दिलासा तपासणीआधी कुणीच देऊ नये. कार्डिओलॉजिस्टनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली; पंपिंग, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतल्यापैकी जेवढं रक्त बाहेर टाकतं ते प्रमाण, 50 टक्के होतं. टोचणं बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी, दोन-तीन सेकंद, दाबलं की वाढणारं. ते स्नायूचं निघालं. हृदयाची कळ बहुधा अशी नसते. ती छातीच्या मधोमध दाबल्यासारखी येते, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकते, श्रमाने वाढते आणि थांबलं की उतरते. धापेचं आणखी एक कारण गोळ्यांच्या पाकिटात सापडलं. काका अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला टिकॅग्रेलॉर ही रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी घेत होते. या गोळीने काहींना बसल्या जागीही हवा अपुरी पडल्यासारखं वाटतं. तरीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते. डॉक्टर गरज पडल्यास बदलून देतात.

पुढची पायरी ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट. काकांनी दोन टप्पे, म्हणजे सहा मिनिटं पूर्ण केली, ईसीजीत बदल नाही. हे साधारण 7 मेट झालं. निवांत बसलेल्या शरीराला लागणारा प्राणवायू म्हणजे 1 मेट; जिना चढायला साधारण 4 ते 5 लागतात. आकडे ऐकून काकूंचा चेहरा फारसा बदलला नाही, आणि त्यात नवल नव्हतं. 1985 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बार टेलर, अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. नवऱ्यांच्या टेस्टच्या वेळी काही बायका बाहेर बसल्या, काहींनी ती पाहिली, काही स्वतः त्याच वेगाने तीन मिनिटं ट्रेडमिलवर चालल्या. नवऱ्याच्या हृदयाविषयी खरा विश्वास बसला तो चाललेल्यांचा. नुसतं पाहून तो आला नव्हता.

म्हणून काकूंचा रक्तदाब बघून, डॉक्टर समोर असताना, त्यांनाही ट्रेडमिलवर चढवलं. दुसऱ्या टप्प्यात पट्टा 12 टक्के चढावर ताशी 4 किलोमीटरने फिरतो. मिनिटभरात त्यांनी कठडा धरला, दम लागला, घाम आला. “एवढं हे चालले?” हा त्यांचा पहिला मोकळा प्रश्न. आमच्या मते घरच्या माणसाला या चाचणीपासून दूर ठेवणं ही पुनर्वसनातली मोठी उणीव आहे.

मग चालण्याचं वेळापत्रक लागलं. पहिला आठवडा सपाट रस्त्यावर 10 मिनिटं, दिवसातून तीनदा. दर आठवड्याला एका फेरीत पाचेक मिनिटांची भर आणि फेऱ्या कमी, असं सहाव्या आठवड्यापर्यंत सलग 30 मिनिटं, आठवड्यातून किमान पाच दिवस. सुरुवातीची आणि शेवटची 5 मिनिटं सावकाश. वेग असा की चालताना वाक्य पूर्ण बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मनगटी घड्याळ नाडीची मर्यादा “220 वजा वय” अशी काढतं, त्या हिशेबावर काकांनी जाऊ नये, कारण मेटोप्रोलॉल या गोळीमुळे नाडी मुद्दामच दाबलेली असते.

तिसऱ्या आठवड्यात गाडी अडली. लग्नाचं जेवण झाल्यावर अर्ध्या तासात काका भरभर चालले, बस दिसली म्हणून एकदम थांबले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. जेवल्यावर रक्ताचा ओघ पोटाकडे असतो. त्यात एकाएकी थांबलं की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायचं थांबतात, ते पायांत साचतं आणि रक्तदाब उतरतो. जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्यायचे आणि वेग हळूहळू उतरवायचा, एवढाच उपाय होता. काकूंनी मात्र चार दिवस चालणं बंद पाडलं. कारण समजावून पुन्हा 10 मिनिटांपासून सुरू करावं लागलं, या वेळी दोघांनी बरोबर.

काकूंच्या पर्समध्ये आता छातीच्या कळेवरची गोळी, सॉर्बिट्रेट 5 मिग्रॅ असते. छातीत दाब आला तर थांबायचं, बसायचं, गोळी जिभेखाली ठेवायची. उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडायची भीती. 5 मिनिटांत आराम नाही, तर 108 ला फोन; स्कूटरवरून दवाखाना गाठायचा नाही.

दोन महिन्यांनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 62 आलं आणि काकांनी विचारलं, आता कोलेस्टेरॉलची गोळी सोडू का? ते 62 गोळीमुळेच आहे. अटॅकनंतर डॉक्टर ते 55 च्या खाली मागतात, म्हणजे मात्रा कमी नाही, वाढण्याचीच शक्यता. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीची गोळी तर दाढ काढायची म्हणूनही परस्पर थांबवायची नाही. अशा खंडात स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दिवसाचं मीठ एक चमचा, म्हणजे 5 ग्रॅम, त्यात पापड-लोणचं धरून. तंबाखू मळूनही नाही.

शेवटी काकांनी दार लोटून एकट्याने एक गोष्ट विचारली. पतिपत्नीच्या संबंधांविषयी कुणीच सांगत नाही, आणि जोडपी वर्षवर्ष मनात धरून बसतात. त्याला श्रम साधारण 3 ते 5 मेटचे, काकांनी 7 मेट त्रासाविना केले आहेत. हरकत नाही, फक्त भरल्या पोटी नको. मात्र सिल्डेनाफिलसारखी ताठरतेसाठीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, आणि घेतलीच असेल तर पुढचे 24 तास सॉर्बिट्रेट घ्यायची नाही. त्याच जातीची टाडालाफिल असेल तर 48 तास. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा उतरतो. त्या वेळात छातीत दुखलं तर आलेल्या डॉक्टरांना हे पहिल्यांदा सांगायचं, लाज न बाळगता.