पाणी देणे, ताण आणि प्रतिबल

‘छिन्नीला पाणी देणे म्हणजे हार्डनिंग की टेंपरिंग, आणि त्यातून पोलादात उरणाऱ्या स्ट्रेसला ताण म्हणावे, तणाव की प्रतिबल?’ असा प्रश्न आहे.

लोहाराच्या बोलीत पाणी देण्यात दोन्ही क्रिया येतात. लाल तापवलेल्या छिन्नीचे टोक बुडवून कठीण करायचे (हार्डनिंग), ते घासून उजळायचे आणि मागच्या भागातली धग पुढे सरकून टोकावर पिवळसर, मग तपकिरी, जांभळा रंग चढेपर्यंत थांबायचे (टेंपरिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा बेताने तापवणे), हे त्याच्या लेखी एकच काम असते. कल्पना जुनी आहे; वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘शस्त्रपान’, म्हणजे शस्त्राला पाणी पाजणे, आहेच. तेलात बुडवलेल्या हत्यारालाही ‘पाणी दिले’ म्हणण्यात मला चूक दिसत नाही, कारण हे पाणी ‘पाणीदार’मधले, म्हणजे कसाचे आहे.

ताणाविषयी, म्हणजे पोलादाच्या आत कोंडून राहिलेल्या ओढ-दाबाविषयी, लिहिताना मात्र या क्रिया वेगळ्या ठेवाव्यात, कारण पहिली ताण निर्माण करते आणि दुसरी तो उतरवते. झटकन थंड होताना पोलादाचे मार्टेन्साइट (त्याची कठीण, ठिसूळ अंतर्रचना) बनते आणि त्याचे आकारमान वाढते. आरपार कठीण होणाऱ्या हत्यारात बाहेरचा थर आधी थंड होऊन ताठर झालेला असतो. गाभा नंतर रूपांतरित होऊन फुगतो तेव्हा तो थर ओढला जातो, आणि तिथेच तडा जातो. म्हणून हत्यार पुरते गार पडून राहण्याआधीच टेंपरिंगला घेतात. हायस्पीड पोलादाला (वेगाने कापकाम करणाऱ्या हत्यारांच्या पोलादाला) साधारण ५५० अंश सेल्सिअसवर दोनतीनदा टेंपरिंग लागते, कारण उरलेले ऑस्टेनाइट (तापलेल्या पोलादाची, अजून न बदललेली रचना) प्रत्येक वेळी थंड होताना नवे, ठिसूळ मार्टेन्साइट बनवते.

आता शब्द. ‘तणाव’ मनाच्या वा संबंधांच्या संदर्भात रुळला आहे, तो तिथेच राहावा. ‘ताण’ सोपा आहे, पण त्यात ओढ अभिप्रेत आहे. वरच्या उदाहरणात बाहेर ओढ आणि गाभ्यात दाब असतो, आणि दाबाला ताण म्हणणे खटकते. म्हणून दोहोंना मिळून ‘प्रतिबल’ आणि तडा घालणाऱ्या ओढीला ‘ताण’ असा भेद मी करीन.

कठीण करण्यापूर्वी, ढोबळ कापकाम झाल्यावर, ६०० ते ६५० अंशांवर तापवून भट्टीतच सावकाश थंड करतात, त्या स्ट्रेस रिलीव्हिंगला ‘प्रतिबलमोचन’ म्हणावे. त्याला ‘पाणी उतरवणे’ म्हणू नये, कारण तोवर पोलादाला पाणी दिलेलेच नसते.