स्ट्रावावर घराभोवती २०० मीटर लपवले आहेत, तेवढे पुरतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बार्देशातल्या एका गावात भाड्याच्या घरात एकट्या राहता, पहाटे सायकल चालवता, राइड स्ट्रावा या राइड नोंदवायच्या ॲपवर टाकता, आणि घराभोवतीचा २०० मीटरचा भाग लपवून ठेवला आहे. तेवढ्याने घर कळणार नाही ना?

कळेल. गोव्यातल्या गावात तर नक्की कळेल.

माझाही झोन, म्हणजे नकाशावर लपवलेला भाग, २०० मीटरचाच होता. मी फोंडा तालुक्यात राहतो. मुख्य रस्त्यावरून एक चिंचोळा उतार खाली येतो, त्यावर तीन घरं, पुढे कुळागर आणि ओहोळ, की रस्ता संपला. काही वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी फाटकात एक अनोळखी तरुण उभा. "बाब, ती सायकल पळोवंक मेळटली?" सायकल बघायला मिळेल का, असं विचारत होता. तो ॲपवर माझ्या राइड बघायचा, त्याला त्याच मॉडेलची सायकल घ्यायची होती, उंचीला बसते का ते बघायला आला होता. मी त्याला पत्ता कधी दिलाच नव्हता. बाल्कांवात बसून चहा पिता पिता त्यानेच सांगितलं, अगदी निरागसपणे: "तुमची रेघ रोज त्या उताराच्या तोंडाशी तुटते. तिथून खाली एकच रस्ता आहे. आणि फोटोत सायकल हिरव्या तुळशीवृंदावनाला टेकवलेली असते." तीन घरांत हिरवं वृंदावन एकच. माणूस सज्जन होता, चहा पिऊन गेला. तो गेल्यावर बायकोने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

हा घोळ आपल्या वस्तीच्या रचनेतच आहे. पणजीत भाटले किंवा मळ्याच्या बाजूला २०० मीटरच्या वर्तुळात कितीतरी दारं येतात, इमारती येतात, शोधणारा कंटाळतो. गावात तेवढ्याच वर्तुळात तुमचा वाडा, एक खुरीस, एक दुकान, आणि बाकी सगळी शेतं. रेघ जिथे तुटते तिथून आत जायला रस्ता एक. म्हणजे वर्तुळ घर लपवत नाही, 'इथे शोधा' अशी पाटी लावतं. स्ट्रावात हे अंतर २०० मीटरपासून १.६ किलोमीटरपर्यंत वाढवता येतं. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी कंट्रोल्स, त्यात मॅप व्हिजिबिलिटी. आधी ते पूर्ण वाढवा. शहरातल्या माणसाला मी एवढं ताणायला सांगणार नाही, तुम्हाला सांगतो.

पण १.६ किलोमीटरवरही निर्धास्त होऊ नका. नकाशावरची रेघ लपते, राइडचं एकूण अंतर मात्र लपलेला तुकडा धरूनच दिसतं. समजा एकूण ४२.६ किलोमीटर लिहिलेत आणि नकाशावरची रेघ मोजली तर ३९ भरते. मग ३.६ लपलेत, जातानाचे अंदाजे १.८ किलोमीटर आणि येतानाचे १.८. रेघ तुटते तिथून एकुलत्या एक रस्त्याने १.८ किलोमीटर आत चालत गेलं की कोणाचं दार येईल? बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये हेच करून दाखवलं. लपवलेल्या भागाचं अंतर आणि आतले रस्ते यांचा मेळ घालून लपवलेली ठिकाणं त्यांना ८५ टक्क्यांपर्यंत सापडली. आपल्याकडे तर आतले रस्तेही मोजके.

म्हणून माझा नियम: राइड नोंदवायचं बटण घरी दाबायचंच नाही. घड्याळ असो, फोन असो, सुरुवात आणि शेवट बाहेर, चार लोकांच्या जागी. बाजार, पंचायत, चर्चचं पटांगण, पेट्रोलपंप. तेही घराच्या कोपऱ्यावरचं ठिकाण नको आणि रोज एकच नको. मी कधी म्हार्दोळच्या देवळाकडून सुरू करतो, कधी बाणस्तारीच्या पुलावरून, मग जुने गोवे, रायबंदरचा बांध, पणजी, दोनापावला. येताना खोर्लीलाच बंद करतो. रोजचे थोडे किलोमीटर हिशेबात येत नाहीत, हे सुरुवातीला फार लागायचं. आमच्या गावचा पोदेर पाठीमागे पावांची टोपली बांधून भोंपू वाजवत माझ्याइतकंच अंतर रोज तोडतो आणि कुठेही नोंदवत नाही, हे एकदा लक्षात आल्यावर लागायचं थांबलं.

आता ज्याकडे कोणाचंच लक्ष नसतं ते. तुम्ही सगळं लपवलंत, पण रविवारी मैत्रीण तुम्हाला घ्यायला दाराशी आली आणि तिचं घड्याळ चालू असेल तर? तिची रेघ तुमच्या फाटकापर्यंत येते, पाच मिनिटं थांबते, परत फिरते. तुमचा झोन तिच्या राइडला लागू होत नाही. फ्रान्सच्या ल मोंद या दैनिकाने २०२४ मध्ये दाखवलं ते याच जातीचं होतं: राष्ट्राध्यक्ष मॅक्रों, बायडन यांच्या हालचालींचा माग त्यांच्या अंगरक्षकांच्या उघड्या स्ट्रावा खात्यांवरून लागत होता. तेव्हा सोबतिणींना भेटायची जागा तिठ्यावर द्या, दारात नको. एखादीला वाईट वाटलं तर वाटू दे.

कोण बघतं, हा पुढचा भाग. प्रोफाइल 'फॉलोअर्स'वर ठेवलंत की तुम्हाला फॉलो करू पाहणाऱ्याला आधी तुमची परवानगी मागावी लागते. राइडचीही तीच सेटिंग करा. किंमत एकच: 'एव्हरीवन' नसलेली राइड सेगमेंटच्या, म्हणजे रस्त्याच्या ठरवून दिलेल्या तुकड्याच्या, क्रमवारीत दिसत नाही. एखादा चढ कितव्या नंबरने चढलात हे जगाला दाखवायचं असेल तर तेवढी एकच राइड उघडी ठेवा, पण बाहेरून सुरू केलेली. आणि स्वतः सेगमेंट बनवत असाल तर त्याला 'घर ते चौक' असं नाव देऊ नका. हसू नका, असं नाव देणारा मनुष्य माझ्या ओळखीचा आहे.

तुम्ही एकट्या आहात म्हणून वेळेचं वेगळं सांगतो. घराइतकीच काळजी मला तुमच्या वेळापत्रकाची वाटते. दर मंगळवारी आणि गुरुवारी पावणेसहाला निघून आठला परत, असं तीन महिने दिसलं की दोन गोष्टी उघड होतात: घर केव्हा रिकामं असतं, आणि शेतामधल्या निर्मनुष्य रस्त्यावर तुम्ही केव्हा असता. आठवड्यातल्या एकटीच्या राइड 'ओन्ली यू'वर ठेवा, रविवारची घोळक्यातली फॉलोअर्सना दाखवा. ही सेटिंग प्रत्येक राइडनंतर बदलायची ठेवलीत तर विसराल. घड्याळावरून राइड आपोआप चढते आणि तुम्ही बदल करेपर्यंत ती उघडी असते, म्हणून मूळ सेटिंगच 'ओन्ली यू' ठेवून हवी ती राइड उघडा. गार्मिनचं घड्याळ असेल तर त्याच्या ॲपचे झोन वेगळे लावावे लागतात, स्ट्रावातली ही सेटिंग तिथे पोचत नाही.

हे सगळं अनोळखी लोकांपासून. घरच्या माणसापासून लपवू नका. स्ट्रावातल्या 'बीकन' या सोयीने तीन जणांना तुम्ही आत्ता कुठे आहात ते दाखवता येतं. बहिणीला, शेजारणीला ती लिंक पाठवाच. ग्रुपवर मात्र टाकू नका.

फोटोत मागे काय दिसतं ते बघा: वृंदावन, फाटकाचा रंग, घर नंबराची पाटी. कोणी "रूट पाठव" म्हटलं आणि तुम्ही स्वतःच्या राइडची जीपीएक्स फाइल काढून दिलीत, तर त्यात अंगणापासूनची पूर्ण वाट असते, झोनबिन काही नाही.

सगळं लावून झाल्यावर लॉगिन न करता ब्राउझरमध्ये, किंवा मैत्रिणीच्या फोनवर, आपली एक राइड उघडून पाहा. स्वतःच्या खात्यातून पाहिलंत तर आपला लपवलेला भाग आपल्याला दिसतोच, त्यामुळे काही समजत नाही.

राहिल्या जुन्या राइड. त्यांची दृश्यता एकदम बदलायची सोय सेटिंग्जमध्ये आहे. ज्या उघड्या ठेवायच्या त्या क्रॉप करा, म्हणजे टोकंही जातात आणि त्यांचं अंतरही वजा होतं, तो वरचा हिशेब मांडायला काही उरत नाही. जुलैत आठ-आठ दिवस सायकल भिंतीला टेकून असते तेव्हा करण्यासारखं काम आहे. मला चार संध्याकाळी लागल्या. चोर्ला घाटाची पहिली राइड तेवढी कापवली नाही, ती घराच्या दारापासून दारापर्यंत आहे. तिला 'ओन्ली यू' लावून ठेवली आहे.