दाखला येईपर्यंत घरचा अभ्यास

प्रश्न : बदलीमुळे डिसेंबरात नाशिकहून साताऱ्याला जातोय. मुलगी पाचवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिथेही जिल्हा परिषदेचीच शाळा घेणार. दाखला मिळेपर्यंत घरीच शिकवू का?

उत्तर : दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 5 तसं स्पष्ट सांगतं. आधी प्रवेश घ्या, दाखला मागून येईल. विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद असते त्या सरकारी पोर्टलवरचं नाव मात्र जुन्या शाळेकडून वर्ग करून घ्या, तिथेच घोडं अडतं.

मधल्या दिवसांत रोज दोन तास पुरेत. गणित आधी : अपूर्णांकांचा छेद समान करणं राहिलं, तर पुढची बेरीज-वजाबाकी कोसळते. नव्या वर्गात कुठला धडा चालू आहे, ते विचारून घ्या. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पाचवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, तेव्हा सुट्टी समजू नका.