‘मस्ट नॉट’ आणि आपला ‘नको’

ऐरोलीच्या कार्यालयातून एका ग्राहकाला ‘यू मस्ट नॉट सेंड द ओरिजिनल डॉक्युमेंट्स’ असे कळवले, मूळ कागदपत्रे पाठवण्याची गरज नाही एवढेच सांगायचे होते, तरी तो नाराज का झाला, असे आपण विचारले आहे. नौपाड्यात संध्याकाळी इंग्रजी शिकवताना मी ही चूक वह्यांमध्ये असंख्य वेळा पाहिली आहे आणि तिचे मूळ मला मराठीतच दिसते.

‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजे’ असे आपण पाठ केलेले असते आणि ‘पाहिजे’चा नकार ‘नको’ होतो. हा ‘नको’ दोन्हीकडे चालतो. ‘आज डबा न्यायला नको, कार्यालयात जेवण आहे’ यात केवळ गरज नसल्याचे सांगितले आहे; ‘तू असे बोलायला नको होतेस’ यात मात्र ती गोष्ट करणेच गैर ठरते. इंग्रजीत या दोन अर्थांची रूपे वेगळी आहेत. ‘मस्ट नॉट’मधला नकार सक्तीला लागत नाही, पुढच्या क्रियेला लागतो; न पाठवण्याचीच सक्ती, म्हणजे मनाई. ‘डोन्ट हॅव टू’मध्ये सक्तीच नाकारलेली असते, मग पाठवा अथवा पाठवू नका. म्हणून लिहिण्यापूर्वी मनात ‘नको’ न म्हणता ‘पाठवू नये’ आणि ‘पाठवावी लागत नाहीत’ यांपैकी नेमके काय म्हणायचे आहे ते ठरवावे. ‘नये’ असेल तरच ‘मस्ट नॉट’.

‘शकणे’ हे क्रियापदही असेच फसवते. ‘पावसाळ्यात ठाणे-वाशी गाडी उशिरा येऊ शकते’ हे एरवीचे निरीक्षण आहे, तिथे ‘कॅन’ शोभते. पण ‘आजची गाडी उशिरा येऊ शकते’ असे म्हणताना एका ठरावीक गाडीविषयीची शंका असते, तिथे ‘मे’ किंवा ‘माइट’च हवे. नकारात हा फरक फार मोठा होतो: ‘ही मे नॉट बी ॲट होम’ म्हणजे तो कदाचित घरी नसेल, तर ‘ही कान्ट बी ॲट होम’ म्हणजे तो घरी असणे शक्यच नाही.

परवानगी मागताना ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’ तिन्ही चालतात. फक्त ‘कुड आय लीव्ह अर्ली?’ असे कोणी विचारले तर ‘येस, यू कॅन’ असे उत्तर द्यावे, ‘येस, यू कुड’ असे नव्हे.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ग्राहकाला लिहिताना ‘यू मस्ट’ शक्यतो टाळावे, कारण त्यात लिहिणाऱ्याचा हुकूम ऐकू येतो. ‘यू विल नीड टू’ म्हटले की सक्ती नियमाची आहे, आपली नव्हे, हे आपोआप कळते.

त्या ग्राहकाला आजच नवा मेल पाठवावा, आधीच्या शब्दयोजनेबद्दल एका ओळीत दिलगिरी व्यक्त करावी आणि पुढे इतकेच लिहावे: ‘यू डोन्ट हॅव टू सेंड द ओरिजिनल डॉक्युमेंट्स, स्कॅन्ड कॉपीज आर इनफ.’