नवरा-बायकोचा बँड टिकतो का?

तुम्ही विचारलंय की तुम्ही गिटार वाजवता, बायको गाते, दोघांनी नोकरी सोडून स्वतःच्या गाण्यांचा बँड काढायचं मनात आहे आणि घरचे म्हणतायत की अशाने संसारही जाईल आणि गाणंही. असं करून कुणी टिकलंय का?

टिकलंय. मी गोव्यातल्या फोंड्याचा, माझा धंदा साउंडचा. जत्रेतल्या नाटकांपासून किनाऱ्यावरच्या शॅकपर्यंत (म्हणजे सीझनपुरत्या उभारलेल्या हॉटेलांपर्यंत) माइक लावत फिरतो, त्यामुळे सीझनमध्ये जोडप्यांचे टू-पीस बँड अगदी जवळून बघायला मिळतात. पण त्यांच्याबद्दल खरं खरं लिहिलं तर पुढच्या वर्षी मला कोण बोलावणार? म्हणून उदाहरण लांबचं घेतो.

अमेरिकेत ओहायो राज्यात सिनसिनाटी नावाचं शहर आहे. तिथे 1989 साली ‘ओव्हर द ऱ्हाइन’ हा बँड सुरू झाला. नाव शहरातल्या एका जुन्या जर्मन वस्तीचं. गाणारी कॅरिन बर्गक्विस्ट, पियानो-बास वाजवणारा लिनफर्ड डेटवायलर. कॉलेजातली ओळख, लग्न मात्र बँड सुरू झाल्यावर काही वर्षांनी. सुरुवातीला चौघं होते, एक गिटारवाला आणि एक ड्रमर धरून. लोकसंगीताचा गाभा, वर रॉकची वाद्यं, थोडा जॅझचा वास. पहिला अल्बम 1991 चा, स्वतःच काढलेला. मग आय.आर.एस. या रेकॉर्ड कंपनीने त्यांना घेतलं. आर.ई.एम. या गाजलेल्या अमेरिकन रॉक बँडचे सुरुवातीचे अल्बम काढणारी हीच कंपनी, म्हणजे नाव मोठं. 1996 मध्ये ती बंद पडली.

इथे बहुतेक बँड संपतात. यांनी घरी रेकॉर्ड केलेली साधी, शांत गाणी ‘गुड डॉग बॅड डॉग’ नावाने स्वतःच विकायला काढली, आणि त्यांचा आजचा श्रोता मुख्यतः त्या अल्बमने मिळवून दिला. पुढे गिटारवाला गेला, ड्रमरही गेला. उरली ही दोघं. मधल्या काळात ती कॅनडातल्या ‘काउबॉय जंकीज’ बँडबरोबर त्यांचे साथीदार म्हणून दौऱ्यावरही गेली. आपला बँड असताना दुसऱ्याच्या मागे उभं राहायला मन मोठं लागतं. आमच्याकडे नाटकात पेटी वाजवणाऱ्याला ते कळेल, शॅकवरच्या गायकाला कळेलच असं नाही.

आता मला काय वाटतं ते सांगतो. लोक म्हणतात, प्रेम होतं म्हणून बँड टिकला. मला तसं वाटत नाही. तो टिकला कारण तो लहान झाला. एका कार्यक्रमाचे पैसे चार घरांत वाटले तर एकाही घराची चूल पेटत नाही. तेच पैसे एका घरात आले तर महिना निघतो. साथीदार लागतील तसे बोलवायचे, त्यांची बिदागी द्यायची, संपलं. रेकॉर्डिंग घरात, गाणी घरात, भांडण घरात.

भांडण तर होणारच. 2003 मध्ये त्यांनी ‘ओहायो’ हा दोन सीडींचा अल्बम काढला, टीकाकारांनी डोक्यावर घेतला, दौरा सुरू झाला, आणि तो अर्ध्यातच थांबवून दोघं घरी परतली. कारण त्यांनी नंतर उघड सांगितलं: लग्न मोडायला आलं होतं. नवा अल्बम बाजारात असताना तारखा रद्द करणं म्हणजे काय, हे ज्याने कधी आगाऊ रक्कम परत केली आहे त्याला विचारा. घरी येऊन रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाइनची एक बाटली ठेवायची आणि ती संपेपर्यंत बोलत बसायचं, असा त्यांनी नेम केला. (हा प्रयोग फेणीवर करू नये.) त्यातून 2005 चा ‘ड्रंकर्ड्स प्रेयर’ निघाला, घराच्याच बैठकीच्या खोलीत रेकॉर्ड केलेला. तुमच्या घरच्यांना काही सांगायचं असेल तर ही गोष्ट सांगा. गाण्याने संसार मोडू घातला तेव्हा त्यांनी आधी गाणं थांबवलं, आणि गाणं परत आलं.

नंतरचं थोडक्यात. 2011 चा अल्बम श्रोत्यांनीच आधी पैसे भरून उभा केला. शहराबाहेर शेतावर जुनं घर घेतलं, तिथली गाणी 2013 मध्ये आली. 2016 पासून तिथलंच एकोणिसाव्या शतकातलं जुनं धान्याचं कोठार दुरुस्त करत स्वतःचा संगीत महोत्सव भरवायला लागली. श्रोता गाठायला गावोगाव फिरण्याऐवजी त्यालाच आपल्या अंगणात बोलावलं. आपल्याकडची देवळं हेच करतात, जत्रेला माणसं आपणहून येतात.

एक दुसरी बाजूही सांगतो. मिनेसोटातल्या डुलुथ गावचा ‘लो’ हा बँडही नवरा-बायकोचा, 1993 पासूनचा. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये त्यातली बायको, मिमी पार्कर, कॅन्सरने गेली आणि त्याबरोबर बँडही थांबला. बदली माणूस घेऊन चालवायची ती गोष्टच नव्हे.

आता गोव्यापुरतं. दोघांनीही एकदम नोकरी सोडू नका. इथे सीझन ऑक्टोबरपासून फार तर मे. पाऊस लागला की शॅक मोडतात, आणि नवरा-बायको दोघंही एकदम बेकार. मला माहीत असलेल्या, टिकलेल्या जोड्यांत एकाची तरी पगाराची नोकरी आहे, शाळेत नाहीतर सरकारी खात्यात. शॅकवर लोक ओळखीचीच गाणी मागतात, म्हणून स्वतःची गाणी पावसाळ्यात घरी रेकॉर्ड करा. आज त्याला एक बरा माइक आणि लॅपटॉप पुरतो, फक्त पत्र्याच्या छपराखाली करू नका. साउंडचेकला मॉनिटरमध्ये, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, कुणाचा आवाज किती, हे दोघांनी घरीच ठरवून या. त्यावरून स्टेजवर अबोला धरलेली जोडपी मी बघितली आहेत आणि मग मधल्या मध्ये साउंडवाल्याचं मरण होतं.

आणि मालकाशी पैशांचं बोलणं एकानेच करावं, तेही गाणाऱ्याने नव्हे. रात्री दहाला साउंड बंद झाल्यावरच मालक हिशेबाला बसतो, तेव्हा गाणारीचा घसा बसलेला असतो आणि ती मिळतील तेवढे घेऊन घरी जायला तयार होते.